न सांगितलेला आरोप

इ. स. १७२३ साली लंडनच्या किंग्ज बेंच न्यायालयात एका न्यायमूर्तींनी चक्क एदेन बागेचा दाखला दिला. प्रकरण तसे विद्यापीठीय भांडणाचे होते. डॉ. रिचर्ड बेंटली या विद्वानाच्या पदव्या केंब्रिज विद्यापीठाने त्याचे म्हणणे ऐकून न घेताच काढून घेतल्या होत्या. न्या. फोर्टेस्क्यू यांच्या बोलण्याचा आशय असा, की खुद्द परमेश्वरानेही आदामाला आपली बाजू मांडायला बोलावल्याखेरीज शिक्षा सुनावली नाही. पुढे बेंटलीला त्याच्या पदव्या परत मिळाल्या, आणि आदामाचा तो दाखला मात्र इंग्रजी कायद्याच्या ग्रंथांत कायमचा जाऊन बसला. नैसर्गिक न्यायाचा विषय निघाला की तो आजही उद्‌धृत केला जातो.

उत्पत्तीच्या पुस्तकातील हा प्रसंग आपण धर्मशिक्षणाच्या वर्गापासून ऐकत आलो आहोत. पण त्यातील एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. परमेश्वर सर्वज्ञ आहे. आदाम कोठल्या झाडाआड लपला आहे आणि त्याने काय केले आहे, हे त्याला ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? तरीही तो हाक मारतो, विचारतो, उत्तराची वाट पाहतो. काइनाच्या बाबतीतही तेच. हे प्रश्न माहिती मिळविण्यासाठी नव्हते. उत्तर देऊ शकणारा जीव म्हणून तो माणसाला वागवीत होता. उत्तर खोटे आले, दुसऱ्यावर ढकललेले आले, तरी तो मान त्याने काढून घेतला नाही.

सर्वज्ञ परमेश्वराने जे केले ते अल्पज्ञ शासनाला टाळता येईल काय, हा प्रश्न गेल्या पंचवीस वर्षांत ब्रिटनच्या न्यायालयांपुढे वारंवार आला, आणि तोही अत्यंत कठीण रूपात. तेथे जे घडले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे.

११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतील हल्ल्यांनंतर ब्रिटिश संसदेने त्याच वर्षीच्या डिसेंबरात घाईघाईने एक कायदा संमत केला. ज्या परदेशी नागरिकावर दहशतवादाचा संशय आहे, परंतु मायदेशी छळ होण्याच्या भीतीमुळे ज्याला परत पाठविता येत नाही, अशा माणसाला खटल्याविना अनिश्चित काळ डांबून ठेवण्याचा अधिकार गृहमंत्र्यांना मिळाला. आग्नेय लंडनमधील बेलमार्श तुरुंगात अशी माणसे ठेवण्यात आली. त्यांनी अपील केले. १६ डिसेंबर २००४ रोजी हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या नऊ न्यायाधीशांपैकी आठ जणांनी ही तरतूद मानवी हक्कांशी विसंगत असल्याचा निर्णय दिला. तितकाच संशय असलेला ब्रिटिश नागरिक घरी झोपतो आणि परदेशी माणूस कोठडीत, तर मग हा भेद धोक्याचा की पासपोर्टचा, असा त्या निर्णयाचा रोख होता. लॉर्ड हॉफमन यांनी तर राष्ट्राच्या जीवनाला खरा धोका दहशतवादापेक्षा अशा कायद्यांपासूनच आहे, असे रोखठोक मत नोंदविले.

तेव्हा मार्च २००५ मध्ये नवा कायदा आला आणि त्याबरोबर 'नियंत्रण आदेश' आले. आता भेदभाव नव्हता. नागरिक असो वा परका, गृहमंत्र्यांना वाजवी संशय वाटला आणि न्यायालयाने प्राथमिक परवानगी दिली की आदेश निघे. तुरुंग नाही, पण पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टा. दिवसाचे ठरावीक तास घराबाहेर पडायचे नाही. मोबाइल नाही, इंटरनेट नाही. घरी कोणी यावे, बाहेर कोणाला भेटावे, यालाही सरकारची अनुमती. २००५ ते २०११ या काळात एकूण ५२ माणसांवर असे आदेश बजावण्यात आले. न्यायालयीन कागदपत्रांत त्यांना नावे नाहीत. जेजे, एएफ, एपी अशी नुसती अक्षरे आहेत. त्यांच्या संरक्षणासाठीच ती व्यवस्था आहे हे मान्य. तरी निकाल वाचताना मन क्षणभर थबकते.

ही शिक्षा नव्हे, केवळ प्रतिबंध आहे, असा शासनाचा दावा होता. कायद्याच्या भाषेत तो खराही असेल. पण ज्या घरात हा प्रतिबंध राहावयास येतो त्या घराला तो फरक कसा कळावा? ज्या बायकोमुलांवर कसलाच आदेश नाही त्यांचे पाहुणेही सरकारी यादीतूनच यायचे. ३१ ऑक्टोबर २००७ रोजी लॉर्ड्सनी ठरविले की एका खोलीच्या सदनिकेत दररोज १८ तास कोंडून घ्यावयास लावणे म्हणजे स्वातंत्र्यच हिरावून घेणे होय. त्याच दिवशी दुसऱ्या प्रकरणात १२ तासांचे बंधन मात्र चालू शकते असे ठरले. माणसाचे स्वातंत्र्य कापडासारखे वारावर मोजण्याचा हा प्रकार मला थोडा विचित्र वाटतो. परंतु न्यायाधीशांना कोठेतरी रेघ ओढावीच लागते. २०१० साली, हाऊस ऑफ लॉर्ड्सची जागा घेणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाने ही रेघ अधिक माणुसकीने ओढली. एपी नावाच्या अक्षरांमागील तरुणाला लंडनहून सुमारे १५० मैल दूर एका अनोळखी गावी हलविले होते. तेथे १६ तास घरात बंद. आई आणि भाऊ लंडनला, भेटणे जिकिरीचे. केवळ तास मोजून चालणार नाही, त्या तासांतला एकाकीपणाही मोजला पाहिजे, असे मानून न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला.

परंतु तासांचा वाद हा बाहेरचा. खरा पेच निराळाच आहे. अपील करणाऱ्या माणसाला आपल्याविरुद्ध काय आहे हेच ठाऊक नसेल, तर त्याने अपिलात सांगावे तरी काय?

या पेचाची कुळकथा एका भारतीयापाशी सुरू होते. करमजितसिंग चहल या पंजाबी शीख गृहस्थांना राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव भारतात परत पाठवायचे ठरवून ब्रिटिश सरकारने ऑगस्ट १९९० मध्ये अटकेत ठेवले. त्यांचे म्हणणे ऐकण्यासाठी तीन सल्लागारांचे मंडळ होते खरे. परंतु त्यांच्यापुढे वकील देण्याचा हक्क नव्हता, आरोपांची केवळ रूपरेषा सांगितली जाई, आणि मंडळ सरकारला काय सल्ला देई तेही गुप्त राही. सहा वर्षे तुरुंगात गेल्यावर १५ नोव्हेंबर १९९६ रोजी स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हे सुनावणीचे नाटक न्यायाला पुरेसे नाही असा निवाडा दिला. त्यातून १९९७ साली ब्रिटनमध्ये एक खास अपील आयोग आणि 'विशेष वकील' ही नवी व्यवस्था जन्माला आली.

ही व्यवस्था नीट समजून घेतली पाहिजे. सुनावणीचे दोन भाग होतात, एक उघडा आणि एक बंद. बंद भागात अपील करणारा नसतो, त्याचा स्वतःचा वकीलही नसतो. तेथे त्याच्या हिताखातर सरकारने नेमलेला, गुप्ततेची शपथ वाहिलेला विशेष वकील उभा राहतो. कागद पाहण्याआधी तो त्या माणसाशी मनमोकळे बोलू शकतो. परंतु ज्या क्षणी तो गुप्त कागद उघडतो, त्या क्षणापासून, खास परवानगीवाचून, त्या माणसाशी त्याचे बोलणे बंद! समजा, त्या कागदात लिहिले आहे की अमुक तारखेला अमुक शहरी हा माणूस अमक्याला भेटला. कदाचित त्या दिवशी तो आपल्या बहिणीच्या लग्नात वऱ्हाडाची पाने वाढत असेल. शंभर साक्षीदार असतील. पण विशेष वकील त्याला विचारू शकत नाही, आणि त्याला स्वतःला सांगण्याचे सुचणार नाही, कारण त्या तारखेला काही अर्थ आहे हेच त्याला माहीत नाही. इयन मॅकडोनल्ड या नामांकित विशेष वकिलांनी डिसेंबर २००४ मध्ये या कामाचा राजीनामा दिला, तो आपल्या उपस्थितीने या पद्धतीला न्यायाचा मुलामा मिळू नये म्हणून.

आता शासनाची बाजू. ती हलक्याने घेण्याजोगी मुळीच नाही, आणि आपणा कॅथलिकांना तर नाहीच. २१ एप्रिल २०१९, ईस्टरचा रविवार. कोलंबोचे संत अंतोनींचे चर्च, नेगोम्बोचे संत सेबास्तियनचे चर्च आणि इतर ठिकाणी झालेल्या स्फोटांत अडीचशेहून अधिक माणसे मेली. त्यांत नवे कपडे घालून मिस्साला आलेली लेकरे होती. या हल्ल्याची आगाऊ सूचना भारतीय गुप्तचरांनी श्रीलंकेला दिलेली होती. ती बाजूला पडली. जानेवारी २०२३ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने माजी राष्ट्राध्यक्षांना आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना, त्यांनी कर्तव्यात कसूर केली म्हणून, स्वतःच्या खिशातून भरपाई देण्याचा आदेश दिला. म्हणजे सूचना मिळाल्यावर हातावर हात ठेवून बसणे हाही गुन्हाच. आणि अशी सूचना कोठून येते? परदेशी सरकारकडून, चोरून ऐकलेल्या संभाषणातून, जीव मुठीत धरून बातमी देणाऱ्या एखाद्या माणसाकडून. संशयिताला सारे सांगितले तर तो बातमीदार उद्या जिवंत राहील काय? हा प्रश्न शासन विचारते तेव्हा ते ढोंग करीत असते असे मी म्हणणार नाही. त्या बातमीदारालाही आई असते.

या दोन सत्यांची गाठ १० जून २००९ रोजी एएफच्या खटल्यात पडली. नऊ न्यायाधीश बसले होते. त्या आधी फेब्रुवारीत स्ट्रासबर्गने बेलमार्शच्या कैद्यांच्या प्रकरणात तत्त्व सांगितले होते. लॉर्ड्सनी ते एकमताने स्वीकारले. पुराव्याचे सगळे कागद, बातमीदाराचे नाव, माहिती मिळविण्याची रीत, हे सांगण्याची सक्ती नाही. पण आपल्या विशेष वकिलाला उपयुक्त सूचना देता येतील इतका आरोपांचा गोषवारा त्या माणसाला मिळालाच पाहिजे. उघड भागात नुसती मोघम विधाने असतील आणि निर्णय सर्वस्वी किंवा मुख्यतः बंद कागदांवर टेकत असेल, तर ते कागद कितीही सबळ असोत, ती सुनावणी न्याय्य नव्हे. बेलमार्शच्या वेळी गर्जून बोललेले तेच लॉर्ड हॉफमन यावेळी स्ट्रासबर्गचा निर्णय चुकीचा आहे असे सांगत, केवळ बांधील आहोत म्हणून, नाखुशीने सहमत झाले. आणि लॉर्ड रॉजर यांनी एक लॅटिन वाक्य टाकले: 'आर्जेंतोरातुम लोकुतुम, युदिचियुम फिनितुम', म्हणजे स्ट्रासबर्ग बोलले, खटला संपला. सेमिनरीत शिकलेल्या प्रत्येकाला हसू यावे असे हे वाक्य आहे. संत ऑगस्टीन यांच्या एका प्रवचनावरून रूढ झालेल्या, 'रोम बोलले, वाद मिटला' या आशयाच्या उक्तीची ती नक्कल होती, आणि तिच्यात थोडा वैतागही होता.

ऑगस्टीनचे नाव निघालेच आहे, तर आपल्या घरातील एक गोष्टही बोलली पाहिजे. आरोप न सांगता माणसाला न्यायासनापुढे उभे करण्याची रीत विसाव्या शतकातील गुप्तचर खात्यांनी शोधलेली नाही. बलिष्ठ आरोपीकडून साक्षीदारांना धोका असेल तर त्यांची नावे लपविण्यास पोप आठवे बोनिफास यांच्या १२९८ सालच्या कायदेसंग्रहात मुभा दिली गेली. अपवाद म्हणून, आणि अगदी आजच्यासारख्याच कारणासाठी. पुढे अपवादाचा नियम झाला. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन आले. चार्ल्स डेलन नावाचा तरुण फ्रेंच वैद्य १६७३ साली दमणमध्ये पकडला गेला आणि गोव्याच्या कोठडीत पडला. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या वृत्तांतात सर्वांत भयंकर भाग कोठडीच्या अंधाराचा नाही. आरोप काय ते त्याला कोणी सांगत नसे. उलट, आपण काय केले ते तूच आठव आणि कबूल कर, असे बजावले जाई. तो आठवीत राही. आठवलेले सांगे. ते दप्तरात लिहिलेल्याशी जुळले नाही की पुन्हा कोठडी. या न्यायाधीशांपैकी काही जण प्रामाणिक आणि प्रार्थनाशील असतील. मला ते शक्य वाटते, आणि म्हणूनच हा इतिहास मला अधिक अस्वस्थ करतो.

त्या अनुभवातून ख्रिस्तसभा शिकली. १९८३ च्या धर्मसंहितेतील १५९८ वा नियम पाहा. खटल्यातील कागद दोन्ही पक्षांना पाहू दिलेच पाहिजेत, नाहीतर पुढची कारवाई व्यर्थ. सार्वजनिक हिताच्या प्रकरणांत, अत्यंत गंभीर धोका टाळण्यासाठी, एखादा कागद कोणालाही न दाखविण्याचे न्यायाधीश ठरवू शकतो. पण बचावाचा हक्क नेहमी अबाधित राहील याची काळजी घेऊनच. आणि १६२० व्या नियमानुसार बचावाचा हक्क नाकारून दिलेला निवाडा मुळातच रद्दबातल ठरतो. एएफच्या निकालाशी हे किती जवळून जुळते! दोन निरनिराळ्या परंपरा निरनिराळ्या वाटांनी एकाच उंबरठ्यावर येऊन पोहोचल्या आहेत.

एक शंका तरीही उरते, आणि ती एएफच्या खटल्यातही मांडली गेली. न्यायाधीशाने सारे कागद पाहिले आहेत. पुरावा इतका निर्विवाद आहे की त्या माणसाने काहीही सांगितले तरी फरक पडणार नाही. मग त्याला सांगितले नाही तर बिघडले कोठे? याला व्यवहाराचे उत्तर असे, की एकतर्फी पाहिलेले प्रत्येक प्रकरण निर्विवादच दिसते. दानिएलच्या पुस्तकातील सुसान्नाची कथा आपल्या कॅथलिक बायबलात आहे. दोन प्रतिष्ठित वडीलधारे साक्षीदार, एकच जबानी, आणि सारी सभा तिला मरणदंड देण्यास तयार. दानिएलने दोघांना वेगळे करून झाड कोणते एवढेच विचारले आणि सगळे कोसळले. तो प्रश्न विचारता आला, कारण आरोप मोठ्याने उच्चारला गेला होता.

दुसरे उत्तर अधिक खोलवर जाते. न्यायाधीशाने आपल्या खासगी माहितीवर नव्हे, तर न्यायासनापुढे रीतसर आलेल्या गोष्टींवर निर्णय द्यावा, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. संशयाविषयी तर ते असेही म्हणतात, की वाईट माणसाला चांगला समजण्याची चूक वारंवार झाली तरी चालेल, पण चांगल्याला वाईट समजण्याची चूक क्वचितही नको, कारण दुसऱ्या चुकीत कोणावर तरी अन्याय होतो. यावर कोणी म्हणेल की पहिल्या चुकीनेही माणसे मरतात, नेगोम्बोला मेली. हे खरे आहे. म्हणूनच मी संशयितावर पाळत ठेवू नये, त्याला अडवू नये, असे म्हणत नाही. अडवा, पण का अडवले ते त्याच्या तोंडावर सांगा. ज्याला कारण सांगितले जात नाही त्याला आपण माणूस म्हणून नव्हे, तर साथीच्या रोगाचे जंतू बाळगणारी वस्तू म्हणून बाजूला ठेवलेले असते. तो निर्दोष असेल तर हा अन्याय आहेच. तो दोषी असला तरीही आहे, कारण पश्चात्तापाची वाटही आपला अपराध ऐकण्यापासूनच सुरू होते.

आपल्या देशाकडे पाहिले तर हाच ताण राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदात शेजारीशेजारी मांडलेला दिसतो. प्रतिबंधक स्थानबद्धतेची कारणे लवकरात लवकर कळविली पाहिजेत, असे पाचवे उपकलम सांगते. जनहिताला बाधक अशी तथ्ये उघड न करण्याची सवलत सहावे उपकलम देते. २०१९ च्या दुरुस्तीने संघटनाच नव्हे तर एकट्या व्यक्तीलाही न्यायालयात न जाता 'दहशतवादी' म्हणून घोषित करण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला, आणि त्याविरुद्ध पहिली दाद मागायची तीही त्याच सरकारकडे. उलट ५ एप्रिल २०२३ रोजी, मल्याळम 'मीडियावन' वाहिनीच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने मोहोरबंद लिफाफ्यातून न्याय करण्याची पद्धत नैसर्गिक न्यायाला सोडून आहे असे सांगितले. त्या निकालात ब्रिटनमधील या खटल्यांचाही परामर्श घेतलेला आहे.

वाचकांपैकी अनेकांच्या मनात एव्हाना फादर स्टॅन स्वामींचे नाव आले असेल. त्यांचे प्रकरण निराळे होते. त्यांच्यावर रीतसर आरोपपत्र होते. परंतु त्या कायद्यात, पोलिसांच्या कागदांवरून आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन देताच येत नाही, आणि तेवढ्यात काळ थांबत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. ५ जुलै २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयात त्यांचे प्रकरण सुनावणीस निघाले असतानाच ते वारल्याचे इस्पितळाच्या डॉक्टरांनी न्यायालयाला कळविले.

ब्रिटनमध्ये २०११ च्या अखेरीस नियंत्रण आदेशांचा कायदा जाऊन त्याजागी दुसरा, काहीसा सौम्य कायदा आला. त्याची दोन वर्षांची कमाल मर्यादा २०२१ साली पाच वर्षांवर नेण्यात आली. गोषवारा सांगण्याचे तत्त्व मात्र टिकून आहे.

आणि एएफचे काय झाले? २००९ च्या निकालानंतर शासनापुढे दोनच वाटा होत्या: त्याला गोषवारा सांगणे, नाहीतर आदेश मागे घेणे. शासनाने आदेश मागे घेतला. २०१० साली अपील न्यायालयाने असे आदेश पहिल्या दिवसापासूनच रद्द समजावेत असा निर्णय दिला. त्या बंद कागदांत काय होते ते बाहेर आलेले नाही. ते पोकळ असतील. कदाचित नसतीलही, आणि नसतील तर एका तत्त्वाखातर धोकादायक माणूस मोकळा झाला, हे या निकालाची बाजू घेणाऱ्याने मान्य केले पाहिजे. मी ते मान्य करतो, आणि तरीही त्या नऊ न्यायाधीशांच्या बाजूने आहे. त्याच्यावर पाळत ठेवणे, पुरावा गोळा करणे, उघड न्यायालयात खटला भरणे हे मार्ग शासनाला तेव्हाही खुले होते. ते अधिक खर्चाचे आणि अधिक कष्टाचे आहेत, आणि तो खर्च आपल्यासारख्या करदात्यांनी, त्या रेल्वेगाड्यांतून आणि त्या चर्चांत बसणाऱ्यांनी सोसायचा आहे.